दारांतला उत्सव आणि घरांतली प्रकृति

२०२५ च्या नोव्हेंबरअखेर एके सायंकाळीं आमच्या ओटीवर मोठा जल्लोष चालला होता. २०३० सालची राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अमदावादेस भरणार, असा निर्णय ग्लासगो येथील सभेंत झाल्याची वार्ता नुकतीच आली होती, आणि घरांतील मुलांनीं तिकिटें कशीं मिळवावयाचीं, उतरावयाचें कोणाकडे, येथपर्यंत बेत आंखून टाकिले होते. उतरण्याची चिंता त्यांस वाटलीच नाहीं. अमदावाद आम्हां मराठी मंडळींस परकें थोडेंच आहे? गायकवाडांची हवेली तेथें आहे, आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर ह्यांची तर ती कर्मभूमीच. इतक्यांत आमची धाकटी सूनबाई निवडावयास घेतलेली मेथी बाजूस सारून म्हणाली, "मामंजी, पाहावयास जाणाऱ्यांचें झालें, पण जे मोटेऱ्याला राहतात त्यांचें काय? चार वर्षें दारांत खणाखणी, मग पंधरवडाभर गर्दी, आणि मग?"

मुलें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं, कारण प्रश्न नेमका होता आणि उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. पुढें कित्येक दिवस नातू ह्या विषयावरील इंग्रजी निबंध छापून आणून देई, आणि आम्ही जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीच्या जोरावर, कोश शेजारीं ठेवून, ते वाचीत असूं. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम अडला तो शब्दच. ह्या प्रकारच्या शोधनास हल्लीं 'गुणात्मक संशोधन' असें म्हणतात. आमच्या साऱ्या मास्तरकींत 'गुण' म्हणजे शंभरांपैकीं इतके, हाच अर्थ हाडीं खिळलेला. त्यामुळें गुणात्मक म्हणजे आंकड्यांचें, असाच आमचा पहिला समज झाला. शास्त्र पाहूं गेलें तर त्यालाही आधार आहे. अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत चोवीस गुण सांगितले आहेत, त्यांत रूपरसादिकांच्या बरोबरीनें संख्या हाही एक गुणच गणिला आहे. पण आजच्या संशोधकांचा अभिप्राय नेमका उलट: जें मोजून हातीं येत नाहीं, माणसाला बोलतें केल्यावांचून कळत नाहीं, तें ह्या शब्दानें त्यांस सुचवावयाचें असतें. प्रगतिपुस्तकांत गुणांच्या रकान्याशेजारीं शेऱ्याचा रकाना असे, तो हा! आमचा अनुभव असा कीं बाप गुण पाहून पुस्तक मिटी, आणि आई मात्र शेरा दोनदोनदां वाची.

ही रीति आपल्याकडील जुन्या वैद्यांस अपरिचित नव्हती. रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न ह्या तीन मार्गांनीं करावी असें वाग्भट सांगतो. सुश्रुत पांच इंद्रियें व सहावा प्रश्न असे सहा उपाय गणितो, आणि रोग्याचा देश कोणता, काळ कोणता, त्याला काय मानवतें, ह्या गोष्टी प्रश्नानेंच जाणून घ्याव्यात असें म्हणतो. एका माणसाच्या नाडीवर बोट ठेवून त्याचा गांव कळत नाहीं, तो विचारावा लागतो. मग जेथें एक माणूस नव्हे, अख्खा गांवच रोगी किंवा निरोगी ठरवावयाचा, तेथें न विचारतां कसें भागावें?

मोजणाऱ्यांनीं प्रयत्न केला नाहीं असें मात्र नव्हे. १९९६ सालीं अमेरिकेंत अटलांटा येथें ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां गर्दीच्या धास्तीनें लोकांस खासगी मोटारी काढूं नका असें सांगण्यांत आलें, आणि सार्वजनिक गाड्या अहोरात्र चालविल्या. सकाळची वाहतूक सुमारें साडेबावीस टक्के घटली, हवेंतील ओझोन उतरला, आणि सरकारी मदतीवर उपचार घेणाऱ्या मुलांत दम्याचे तांतडीचे प्रसंग एकेचाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाले, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. वायु, उदक, देश व काळ हीं चार बिघडलीं कीं जनपदाचा उध्वंस होतो हें चरकाचें वचन ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा त्याचा उलटा दाखला वाटेल. आम्हांसही वाटला. परंतु पुढें दुसऱ्या मंडळीनें तोच हिशेब ऋतुमान व आसपासचा प्रदेश जमेस धरून पुन्हां मांडला, तेव्हां ओझोन त्या आठवड्यांत दूरवरच्या शहरांतही उतरला होता असें आढळलें, आणि दम्याच्या घटीविषयीं संशय उत्पन्न झाला. आंकडे बोलतात खरे, पण एकमेकांस खोडूनही काढतात.

२०१० सालीं ग्लासगोच्या कांहीं संशोधकांनीं १९७८ पासून २००८ पर्यंतच्या अशा मोठ्या क्रीडामहोत्सवांवरील चोपन्न अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांच्या शहरीं २०१४ सालीं राष्ट्रकुल सामने व्हावयाचे होते. तेव्हां ही चौकशी त्यांच्या घरचीच होती. निष्पत्ति अशी निघाली कीं, महोत्सवानें यजमान लोकांचें आरोग्य सुधारतें असेंही म्हणतां येत नाहीं आणि बिघडतें असेंही म्हणतां येत नाहीं. दोहोंस पुरेसा पुरावा नाहीं. इतके कोट्यवधि रुपये, इतके समारंभ, आणि तीस वर्षांत हें एक कोणी नीट विचारूं नये, ह्याचें आम्हांस नवल वाटलें.

तें नीट विचारण्याचा उद्योग ज्या एका ठिकाणीं झाला, तें पूर्व लंडन. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंनातवंडें त्या शहरीं आहेत, पण बहुधा पश्चिमेच्या किंवा वायव्येच्या उपनगरांत. पूर्वेकडील न्यूहॅम हा भाग निराळा. तेथें गोद्या होत्या, कारखाने होते, ते बंद पडले. आणि भाडें त्यांतल्या त्यांत स्वस्त म्हणून जगांतील नाना देशींचे लोक तेथें येऊन राहिले. बंगाली, गुजराथी, तामिळ, पंजाबी, आफ्रिकेचे, पूर्व युरोपचे, असे सारे एका रस्त्यावर. ली नदीच्या कांठची जमीन शंभर वर्षांच्या कारखान्यांच्या तेलानें व रसायनांनीं नासलेली. २००५ च्या जुलईंत २०१२ चें ऑलिंपिक लंडनला मिळालें तें ह्याच जागेच्या नांवावर. ह्या गरीब भागाचा उद्धार होईल, हें त्या अर्जांतील मुख्य अभिवचन होतें. पुढें २००९ सालीं यजमान भागांच्या नगरसंस्थांनीं तर लिहून ठेविलें कीं, वीस वर्षांच्या आंत येथील रहिवाशांस बाकीच्या लंडनकरांइतकीच आयुष्याची संधि मिळेल.

काम मोठें झालें ह्यांत शंका नाहीं. माती यंत्रांत घालून अक्षरशः धुतली. विजेच्या तारांचे बावन्न मनोरे पाडून तारा भुईखालीं नेल्या. तरणतलाव, क्रीडांगणें व विस्तीर्ण उद्यान उभें राहिलें. खेळाडूंसाठीं बांधलेलीं घरें पुढें अठ्ठावीसशेंवर बिऱ्हाडांस देण्यांत आलीं, त्यांतील जवळजवळ निम्मीं बाजारभावाहून कमी दरानें. उद्यानाच्या वाटेवर सप्टेंबर २०११ मध्यें एक अवाढव्य बाजारपेठही उघडली. रेल्वेनें येणाऱ्या बहुतेक प्रेक्षकांस तिच्यांतूनच पुढें जावें लागे. ज्यानें ही वाट आंखली तो वाणी पक्का असला पाहिजे.

लंडनच्या विद्यापीठांतील मंडळींनीं येथें दोन मार्गांनीं शोध केला. एक मार्ग मोजणीचा: न्यूहॅम व त्याच्या शेजारचे तीन भाग मिळून पंचवीस शाळांतील ३,१०५ मुलांस, वय अकरा-बाराचें, २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें प्रश्नपत्रिका दिल्या. दुसरा मार्ग बोलण्याचा. न्यूहॅममधील कांहीं कुटुंबांत जाऊन, आईबाप व मुलें ह्यांस एकत्र बसवून त्यांची हकीकत ऐकली; कांहीं जणांबरोबर त्यांच्या नेहमींच्या रस्त्यानें पायीं फिरत फिरत बोलणें केलें; कांहींस मंडळ करून बसविलें व तें संभाषण चित्रफितीवर घेतलें. आणि हें दोनदां: एकदां सामन्यांच्या सुमारास व पुन्हां वर्षाहून अधिक काळानें.

ह्यांतील पायीं फिरण्याची युक्ति आम्हांस विशेष आवडली. घरांत बसवून "तुमचा परिसर कसा आहे?" असें विचारलें तर माणूस "ठीक आहे" म्हणतो. पण त्याच्या बरोबर चालूं लागलें कीं तो एका कोपऱ्यावर आपोआप पाऊल उचलतो, दुसऱ्या ठिकाणीं थांबून कोणाची विचारपूस करितो, एक गल्ली टाळून वळसा घेतो. आणि का, असें विचारतां मग खरी हकीकत निघते. शाळेंतही फळ्यापुढें उभा केलेला मुलगा मुका होई, आणि तोच घरीं जातांना वाटेंत आम्हांपाशीं सारें मनांतलें बोलून मोकळा होई.

तर ह्या लोकांनीं काय सांगितलें? आधीं भीति. गर्दी होईल, चोऱ्या होतील, घातपात होईल. ही भीति पोकळ नव्हती. २०११ च्या ऑगस्टांत लंडनमध्यें जाळपोळ व लुटालूट झाली होती, ती ताजी होती. आणि २०१२ च्या उन्हाळ्यांत तर लेटनस्टोन येथील एका उंच वस्तीच्या इमारतीच्या गच्चीवर विमानवेधी अस्त्रें आणून ठेविलीं. रहिवासी न्यायालयांत गेले व हरले. आपल्या माथ्यावर तोफखाना ठेवून कोणाला निवांत झोंप लागेल? ह्या झोंपेचा हिशेब मात्र महोत्सवाच्या जमाखर्चांत कोठें धरलेला आम्हांस दिसला नाहीं.

आणि मग सामने सुरू झाले, २७ जुलईपासून १२ ऑगस्टपर्यंत, व पुढें दिव्यांगांचे ९ सप्टेंबरपर्यंत. आणि जें घडलें त्याची कोणीच अपेक्षा केली नव्हती. रस्ते स्वच्छ झाले. पहारा व उजेड असल्यामुळें रात्रीं बाहेर पडण्याची धास्ती गेली. सत्तर हजार स्वयंसेवकांपैकीं कोणी ना कोणी हंसतमुखानें वाट दाखवावयास उभा असे. परंतु लोकांनीं ज्या गोष्टीचें सर्वांत अधिक कौतुक केलें ती ह्यांपैकीं कोणतीच नव्हे. अनोळखी माणसें एकमेकांकडे पाहून हंसत होतीं, बोलत होतीं, ही ती गोष्ट. ज्या शहरांत शेजारी जिन्यांत भेटला तरी मान खालीं घालून जातो, तेथें कोणा परक्यानें आपल्याकडे पाहून स्मित केलें, एवढ्याचें त्यांस अप्रूप वाटलें आणि वर्षानंतरही तें त्यांच्या ध्यानांत राहिलें. आपल्या भागाची एरवीं नाचक्की, पण त्या दिवसांत सारें जग आपल्या दारीं आलें, ह्याचा अभिमानही त्यांच्या बोलण्यांत होता.

आतां हें आरोग्य म्हणावें कीं नाहीं? रक्तदाब मोजण्याच्या यंत्रांत तें दिसत नाहीं. पण सुश्रुताची स्वस्थाची व्याख्या दोष, अग्नि, धातु ह्यांच्या समतेवर थांबत नाहीं. आत्मा, इंद्रियें व मन हीं प्रसन्न असावींत असें ती शेवटीं सांगते. त्या व्याख्येनें पाहिलें तर न्यूहॅमची रहिवासी मंडळी त्या कांहीं आठवड्यांत खरोखरच अधिक स्वस्थ झालीं होतीं. त्यांनीं आपल्या गांवाचें एक दुसरें रूप जगून पाहिलें.

आणि म्हणूनच पुढचा भाग वाचतांना आम्हांस अधिक वाईट वाटलें. दुसऱ्या खेपेस विचारणारे आले तेव्हां तें रूप ओसरलें होतें. उद्यान व नवे रस्ते लोकांस आवडत होते, मुलांस खेळावयास जागा झाली हें ते मान्य करीत. कांहींचें खरोखर बरें झालें होतें. पण बोलण्यांतून एक सूर निघे, कीं हें सारें आमच्यासाठीं नसून पुढें येथें येणाऱ्या कोणासाठीं तरी आहे. नोकऱ्यांची आशा होती, त्या आशेच्या मानानें हातीं थोडें आलें; भाडीं चढत गेलीं. ह्याच संशोधकांपैकीं कांहींनीं घराच्या अडचणींत सांपडलेल्यांच्या जीवनकथा पुढें निराळ्या प्रसिद्ध केल्या आहेत. ओल धरलेली खोली, घरासाठीं वर्षानुवर्षें लांबलेली यादी, कचेरीचे हेलपाटे, आणि त्याच दमांत आपलें दुखणें: सांगणाराला घर व रोग हे दोन विषय वेगळे ठेवतांच येत नाहींत. आम्हीं तो निबंध वाचला त्या रात्रीं बराच वेळ जागे होतों.

मुलांच्या मोजणीचें फळही ह्याशीं जुळतें. न्यूहॅमचीं मुलें शेजारच्या भागांपेक्षां अधिक खेळूं-धावूं लागलीं असें कांहीं आढळलें नाहीं. उलट, जीं मुलें आरंभीं उदास होतीं, त्यांची उदासी टिकून राहण्याचें प्रमाण न्यूहॅममध्यें इतर भागांहून अधिक निघालें. दाराशीं ऑलिंपिक होऊन गेलें, आणि मूल उदासच राहिलें! आंकडा एवढेंच सांगून थांबतो. का, ह्याचा कांहीं उलगडा होतो तो शेऱ्याच्या रकान्यांत. क्षणभर उघडलेलें दार पुन्हां लागलें म्हणजे तें आधींपेक्षां अधिक बंद दिसतें, असा आम्ही त्याचा अर्थ लावतों. संशोधकांनीं तो त्या शब्दांत लाविलेला नाहीं, हें सांगून ठेवलेलें बरें. ऑलिंपिकमुळें वीस लाख लोक अधिक हालचाल करूं लागतील असें जें लक्ष्य ब्रिटिश सरकारनें ठेविलें होतें, तें पुढच्या मंत्रिमंडळानें सामन्यांपूर्वींच सोडून दिलें, तें ह्याच्याशीं ताडून पाहावें.

येथपर्यंत सूनबाईस सांगितल्यावर तिनें एक शंका काढली, आणि तिचें उत्तर शोधतांना ह्या साऱ्या संशोधनांतील वर्म आमच्या लक्षांत आलें. ती म्हणाली, "पहिल्यांदा विचारायला गेले ते कोणत्या सालीं?" २०१२. "आणि खोदायला लागले ते?" २००७. मग मधलीं पांच वर्षें?

त्या पांच वर्षांत जे गेले ते विचारणाराच्या वहींत आलेच नाहींत. जेथें पुढें खेळाडूंचीं घरें झालीं त्या बाजूस क्लेज लेन नांवाची एक वसाहत होती. चारशेंहून अधिक माणसें, बरींचशीं एकएकटीं राहणारीं, सहकारी तत्त्वावर एकमेकांच्या आधारानें राहत. २००७ सालीं ती रिकामी करून पाडली. त्यांस दुसरीं घरें मिळालीं. पण पांगलेल्या शेजाराला दुसरा शेजार मिळत नाहीं. जवळच मॅनर गार्डन नांवाचे, सुमारें शंभर वर्षांचे, ऐंशीएक मळे होते. शहरांत राहणाऱ्या श्रमिकांनीं भाजीपाल्यासाठीं धरलेले लहान लहान तुकडे ते. म्हातारे लोक तेथें दिवस घालवीत, खणीत, एकमेकांस रोपें देत, चहा करून पीत. तेही त्याच वर्षीं हलविले. आरोग्यवर्धनाच्या नांवाखालीं व्यायामाची व सोबतीची एक चालती जागा काढून टाकावी, हा विरोध त्या वेळीं कोणा अधिकाऱ्यास खटकला असेल, तर तसें त्यानें दाखविलें नाहीं.

'स्वस्थ' शब्दाची फोड 'स्व' अधिक 'स्थ' अशी आहे. वैयाकरण म्हणतील कीं येथें स्व म्हणजे आत्मा, जागा नव्हे, कबूल. तरी क्लेज लेनच्या माणसांस ती फोड सांगितली असती तर त्यांनीं दुसराच अर्थ सांगितला असता.

ही गोष्ट लंडनपुरतीच नाहीं. रिओ येथें २०१६ च्या ऑलिंपिकसाठीं विला ऑटोड्रोमो ही सुमारें सहाशें कुटुंबांची वस्ती उठविली. शेवटीं वीस कुटुंबें हटून बसलीं व तेथेंच नवीं घरें घेऊन राहिलीं. त्यांनीं आपल्या मोडलेल्या वस्तीचें एक संग्रहालय काढलें आहे. त्यांस कोणी विचारावयास आलें नाहीं तरी त्यांनीं आपला शेरा आपणच लिहून ठेविला, हें आम्हांस फार आवडलें.

आणि दिल्ली. ३ ते १४ ऑक्टोबर २०१० हे राष्ट्रकुल सामने आपल्यापैकीं पुष्कळांनीं घरबसल्या पाहिले, पदकांची बेरीज केली, आणि कंत्राटांतील भ्रष्टाचाराच्या बातम्या चवीनें वाचल्या. त्यांत हें मागें पडलें कीं, क्रीडागृहें बांधणाऱ्या मजुरांची स्थिति पाहण्यासाठीं दिल्लीच्या उच्च न्यायालयास त्याच वर्षीं एक समिति नेमावी लागली. कारण मजुरी, निवारा, शौचकूप, अपघातापासून संरक्षण ह्या साऱ्यांतच उणीव होती. २०११ सालीं घरांच्या हक्कासाठीं काम करणाऱ्या एका संस्थेनें उठविलेल्या वस्त्यांतील लोकांच्या जबान्या घेऊन अहवाल काढला. २००४ पासून सामन्यांच्या निमित्तानें किमान दोन लाख लोक दिल्लींत बेघर झाले, असा तिचा अंदाज आहे. त्या लोकांच्या बोलण्यांत पुन्हा तेंच येतें: घर पाडण्याची आगाऊ सूचना नाहीं, परीक्षेच्या तोंडावर शाळा सुटली, पाणी लांब गेलें, काम गेलें. सामन्यांच्या दिवसांत उरलेल्या झोपड्यांपुढें बांबूचे व फलकांचे पडदे उभे केले होते. पाहुणे येणार म्हणून अडगळ पडद्याआड लोटण्याची रीत घरोघर आहे. पण त्या अडगळींत माणसें नसतात.

पुणेकरांनीं नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. २००८ च्या ऑक्टोबरांत बालेवाडीस युवकांचे राष्ट्रकुल सामने झाले, तेव्हां बाणेरकडचे रस्ते रुंद झाले, म्हणून आपण सर्व खूष होतों. त्या रस्त्यांच्या कडेला आधीं कोण होतें, हें आम्हींही तेव्हां विचारलें नाहीं. आम्हांस त्या रस्त्यानें जावयास सुख वाटलें, आणि तें सुख आम्हीं घेतलें.

आतां अमदावाद. मोटेऱ्याचें क्रीडागृह आजच एक लाख बत्तीस हजार प्रेक्षकांचें आहे. त्याच्या भोंवतीं आणखी क्रीडागृहें, खेळाडूंसाठीं घरें, रस्ते हें सर्व होईल, आणि व्हावें. सामन्यांस आमचा विरोध नाहीं. न्यूहॅमच्या लोकांचाही नव्हता, त्यांनीं तर तो पंधरवडा डोक्यावर घेतला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, विचारणारे तीनदां जावोत, दोनदां नव्हे: एकदां उद्‌घाटनाच्या सुमारास, एकदां नंतर, आणि ह्या दोहोंच्याही पूर्वीं एकदां, ज्या घरांवर खुणा केल्या जातील त्या घरांत, घर उभें आहे तोंवर. आणि मग तीं माणसें जेथें जातील तेथें त्यांच्या मागोमाग. हें खर्चाचें काम नाहीं. दहा-वीस कुटुंबें, एक वही, आणि गुजराथी समजणारा, ऐकून घेणारा माणूस, इतकें पुरतें. मोठ्या मोजणीला लागतें तसें द्रव्य ह्याला लागत नाहीं. लागते ती सवड, आणि दुसऱ्याचें बोलणें मध्यें न तोडण्याची संवय, जी आम्हां मास्तरांस तरी मुळींच नसते.

आमच्या नातवाचा एक मित्र अमदावादेस वैद्यकाच्या शेवटच्या वर्गांत आहे. त्याला कोणी सरकारी काम सांगेपर्यंत थांबूं नये, सुटीच्या दिवशीं आपणच दोन घरें गांठावीं, असें सुचविणारें पत्र आम्हीं लिहावयास घेतलें, आणि काय विचारावें त्याची एक टांचण सोबत जोडली: घरांत कितीजण झोपतात, पाणी कोठून येतें, मुलें शाळेस कोणत्या वाटेनें जातात, दुखलें-खुपलें तर आधीं कोणाकडे जातां, विरजण संपलें तर कोणत्या दाराशीं मागावयास जातां. चांगली पंधरा कलमें झालीं. पत्र पाकिटांत घालण्यापूर्वीं वाचून पाहावें म्हणून सूनबाईच्या हातीं दिलें. तिनें तें उभ्या उभ्याच वाचलें, आमची लेखणी घेतली, आणि सोळावें कलम सर्वांच्या वर, पहिल्या ओळीच्याही आधीं, बारीक अक्षरांत लिहिलें: रात्रीं झोंप लागते का?